दार आणि दारापर्यंतची वाट

कायदा संमत झाला की अन्याय संपला, अशी एक भाबडी समजूत लोकशाही देशांत सर्वत्र आढळते. कायदेमंडळात हात वर होतात, राष्ट्रप्रमुखांची स्वाक्षरी होते, वृत्तपत्रांत अभिनंदनाचे अग्रलेख येतात आणि समाज निश्चिंत होतो. परंतु कारभाराशी ज्यांचा नित्य संबंध येतो, त्यांना ठाऊक असते की कायदा आणि त्याचा लाभ यांच्यामध्ये फार लांबची वाट असते. त्या वाटेवर नियमावली असते, अर्ज असतात, दाखले असतात, कचेऱ्या असतात आणि कचेऱ्यांच्या पायऱ्या असतात. ज्याच्या पायांत बळ आहे, गाठीला पैसा आहे आणि ज्याच्या जातीकडे किंवा कातडीच्या रंगाकडे कोणी वाकड्या नजरेने पाहत नाही, त्याला ही वाट जाणवतही नाही. ज्याच्यापाशी यांपैकी काहीच नाही, त्याच्यासाठी मात्र कायदा हा शेजारच्या गावातील उत्सवासारखा असतो. वाजंत्री कानांवर येते, पण पंगतीला पोचता येत नाही.

ही वाट कशी चालावी लागते आणि ती एकट्याने का चालता येत नाही, याचे एक बोलके उदाहरण अमेरिकेच्या अलीकडच्या इतिहासात सापडते.

अमेरिकेत १९६४ साली नागरी हक्कांचा कायदा झाला. केंद्र सरकारचा पैसा ज्या संस्थेला मिळतो, त्या संस्थेने वंश, वर्ण किंवा मूळ देश यांवरून कोणाशीही भेदभाव करता कामा नये, असा दंडक त्या कायद्याने घालून दिला. कृष्णवर्णीय समाजाने अनेक वर्षे सोसलेल्या लाठ्या, तुरुंग आणि बलिदाने यांचे ते फळ होते. त्या कायद्यात अपंगांचे नाव नव्हते. पुढे १९७३ साली अपंगांच्या पुनर्वसनाचा कायदा आला. अध्यक्ष निक्सन यांनी आधीचे मसुदे दोनदा परत पाठविले होते; सप्टेंबर महिन्यात त्यांनी अखेरीस स्वाक्षरी केली. या कायद्यात कलम ५०४ म्हणून एकाच वाक्याचे एक कलम होते. सरकारी पैशावर चालणाऱ्या कोणत्याही कार्यातून पात्र व्यक्तीला केवळ अपंगत्वामुळे वगळता येणार नाही, हा त्याचा आशय. त्याची शब्दरचना १९६४ च्या कायद्यावरूनच घेतलेली होती. म्हणजे अपंगांना हक्क मिळाला, तो कृष्णवर्णीयांच्या लढ्याने घडविलेल्या भाषेत मिळाला.

कलम तर झाले, परंतु नियमावलीवाचून कलम मुके असते. शाळेने काय करावयाचे, रुग्णालयाने कोणत्या सोयी ठेवावयाच्या, विद्यापीठाने पायऱ्यांचे काय करावयाचे, हे नियमांनीच ठरावयाचे होते. नियम करण्याचे काम आरोग्य, शिक्षण व कल्याण खात्याकडे होते. खर्चाचा आकडा पाहून ते खाते बिचकले. तीन वर्षे मसुदे होत राहिले. १९७६ साली न्यायालयाने नियम काढण्याचा आदेश दिला, तरी स्वाक्षरी झाली नाही. जानेवारी १९७७ मध्ये अध्यक्ष कार्टर यांचे सरकार आले आणि जोसेफ कॅलिफानो खात्याचे सचिव झाले. त्यांनी विचारासाठी आणखी अवधी मागितला. तयार नियमांत बदल करून ते सौम्य करण्याचा खात्याचा बेत आहे, अशी बातमी बाहेर पडली. तेव्हा देशभरातील अपंग संघटनांनी मुदत दिली आणि ती टळताच, ५ एप्रिल १९७७ रोजी, त्या खात्याच्या अनेक शहरांतील कचेऱ्यांत ठिय्या दिला.

बहुतेक ठिकाणचे धरणे लवकरच उठले. वॉशिंग्टनमध्ये आंदोलकांपर्यंत अन्न पोचू दिले गेले नाही आणि दुसऱ्याच दिवशी त्यांना बाहेर पडावे लागले. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये मात्र शंभराहून अधिक माणसे सरकारी इमारतीच्या चौथ्या मजल्यावर शिरली ती एप्रिल संपेपर्यंत हलली नाहीत. या समूहात चाकांच्या खुर्चीत बसणारे होते, अंध होते, बहिरे होते, स्वतःच्या हाताने घासही घेऊ न शकणारे होते. पुष्कळांच्या औषधांची, नळ्यांची, रात्री कूस बदलून देणाऱ्या मदतनिसाची व्यवस्था घरी राहिली होती. थंड ठेवावी लागणारी औषधे त्यांनी वातानुकूल यंत्राला खोके चिकटवून त्यात ठेवली. बाहेर दूरध्वनी करण्याची सोय बंद झाली, तेव्हा बहिरे आंदोलक खिडकीत उभे राहून हातांच्या खुणांनी रस्त्यावरच्या मित्रांशी बोलू लागले. ज्या भाषेला जग उणीव समजत होते, ती त्या इमारतीतील एकमेव खुली वाट ठरली.

या लढ्याच्या अग्रभागी ज्युडिथ ह्यूमन ही तरुणी होती. लहानपणी पोलिओ झाल्यामुळे ती चाकांच्या खुर्चीत बसे. पाच वर्षांची असताना शाळेने तिला प्रवेश नाकारला होता. आग लागली तर तिची खुर्ची इतरांच्या आड येईल, असे कारण तेव्हा सांगण्यात आले. मोठेपणी ती शिक्षिकेच्या परीक्षांना बसली, तेव्हा न्यूयॉर्कच्या शिक्षण मंडळाने तिला तिच्या पायांमुळे परवाना नाकारला. १९७० साली ती न्यायालयात गेली. तो खटला ज्यांच्यापुढे आला त्या न्यायाधीश कॉन्स्टन्स बेकर मोट्ली या अमेरिकेच्या केंद्रीय न्यायपीठावर बसलेल्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री होत्या. त्याआधी वकील म्हणून त्यांनी गोऱ्यांच्या शाळा-महाविद्यालयांची दारे कृष्णवर्णीय मुलांसाठी उघडण्याकरिता झुंज दिली होती. शाळेच्या दारातून परत पाठविले जाणे म्हणजे काय, हे त्यांना कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. त्यांनी मंडळाला पुनर्विचार करण्यास सुचविले आणि परवाना मिळाला.

चौथ्या मजल्यावर आणखी एक तरुण होता. त्याचे नाव ब्रॅड लोमॅक्स. १९५० साली फिलाडेल्फियात जन्मलेला हा कृष्णवर्णीय मुलगा हॉवर्ड विद्यापीठात शिकत असता ब्लॅक पँथर या पक्षाकडे ओढला गेला. त्याच सुमारास त्याचा तोल जाऊ लागला आणि तो पडू लागला. मज्जासंस्थेला हळूहळू निकामी करणारा मल्टिपल स्क्लेरोसिस हा आजार त्याला जडला होता. पुढे तो कॅलिफोर्नियातील ऑकलंड शहरी आला आणि चाकांच्या खुर्चीतून फिरू लागला. तेथील बसमध्ये चढावयाचे तर भावाने त्याला उचलून पायऱ्या चढाव्या, आसनावर बसवावे आणि मग खाली उतरून खुर्ची आणावी, असा प्रकार होता. कृष्णवर्णीय म्हणून ज्या समाजात त्याला दुय्यम लेखले जाई, त्याच समाजाच्या बसमध्ये तो अपंग म्हणून चढूच शकत नव्हता. या दोन अन्यायांना दोन वेगळ्या फायलींत ठेवणे त्याला कसे शक्य होते?

शेजारच्या बर्कली शहरात १९७२ पासून अपंगांचे स्वतंत्र जीवन केंद्र चालू होते. अपंगांनी अपंगांसाठी चालविलेली ही संस्था. तिचा प्राण होते एड रॉबर्ट्स. रात्री लोखंडी श्वासयंत्रात झोपणारा हा गृहस्थ कामाला निरुपयोगी आहे, असा शेरा ज्या राज्य-खात्याने एकेकाळी मारला होता, त्याच खात्याचा प्रमुख म्हणून १९७५ साली त्याची नेमणूक झाली. परंतु बर्कलीचे केंद्र मुख्यतः सुशिक्षित गोऱ्यांच्या वस्तीत होते. पूर्व ऑकलंडच्या गरीब कृष्णवर्णीय वस्तीतील अपंगाला त्याचा पत्ताही ठाऊक नव्हता. लोमॅक्सने रॉबर्ट्सची गाठ घेतली आणि त्या वस्तीत केंद्राची एक लहानशी शाखा उघडून घेतली. चार पावलांवर असलेल्या सोयीलाही वस्तीची सीमा ओलांडता येत नाही, हे त्याने ओळखले होते.

ब्लॅक पँथर पक्षाची ख्याती वेगळी होती. १९६६ साली ऑकलंडमध्येच ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील यांनी तो स्थापन केला. काळी टोपी, काळे जाकीट आणि खांद्यावर बंदूक, हे त्याचे चित्र वृत्तपत्रांनी जगभर नेले. सरकारच्या तपासयंत्रणेला तर तो पक्ष देशाच्या सुरक्षिततेला धोका वाटे. पण त्या वस्तीतील आयांना त्याची दुसरी ओळख होती. १९६९ च्या जानेवारीपासून हा पक्ष शाळकरी मुलांना सकाळची न्याहारी फुकट देत असे. १९७१ पासून त्याने सिकलसेल या रक्तविकाराची मोफत तपासणीही चालविली. हा विकार अमेरिकेत मुख्यतः कृष्णवर्णीयांना होतो आणि म्हणून त्याच्याकडे फारसे लक्ष दिले जात नाही, अशी त्याची तक्रार होती.

लोमॅक्स ठिय्यात सामील झाला, तेव्हा त्याची शुश्रूषा करणारा चक जॅक्सन हाही पक्षाचा कार्यकर्ता त्याच्याबरोबर आत राहिला. तो लोमॅक्सचे करी आणि इतर आंदोलकांचेही करी. पक्षाने आपल्या माणसाला एकटे सोडले नाही. ऑकलंडहून खाडीवरचा पूल ओलांडून दररोज गरम जेवण येऊ लागले, आणि ते आपल्या दोघांपुरते नव्हे तर मजल्यावरच्या सगळ्यांसाठी येऊ लागले. पहारेकऱ्यांनी प्रथम अडविले, तरी पक्षाची माणसे मागे हटली नाहीत. तुम्ही जग सुधारण्यासाठी बसला आहात, आम्हीही तेच करू पाहतो, तेव्हा तुम्हाला जेवू घालणे हे आमचे कामच आहे, अशा अर्थाचे त्यांचे उत्तर तेथे उपस्थित असलेल्यांनी पुढे सांगून ठेवले आहे. आत बसलेल्यांत गोऱ्यांची संख्या मोठी होती. त्यांतील कित्येकांनी त्यापूर्वी कृष्णवर्णीयांच्या वस्तीत पाऊलही टाकले नसेल.

मदतीचे हात इतरही होते. शहराचे महापौर जॉर्ज मॉस्कोन यांनी गाद्या आणि अंघोळीची साधने पाठविली. चर्चमधील मंडळी आली. हा मेळ आपोआप जमला नव्हता. स्नायू क्षीण करणाऱ्या विकाराने ग्रासलेली किटी कोन ही संघटक पूर्वी कृष्णवर्णीयांच्या हक्कांच्या चळवळीत काम करून आलेली होती. बाहेरचे पाठबळ आधीपासून बांधले पाहिजे, ही शिकवण तिने तेथूनच आणली होती. डेनिस बिलप्स या अंध कृष्णवर्णीय तरुणाने आपल्या समाजातील अपंगांना लढ्यात येण्याची हाक दिली. एक शिष्टमंडळ वॉशिंग्टनला निघाले, तेव्हा लोमॅक्स आणि जॅक्सन यांच्या प्रवासाचा खर्च पक्षाने उचलला. राजधानीत चाकांच्या खुर्च्या नेणारे वाहन मिळेना, तेव्हा यंत्रकामगारांच्या संघटनेने सामान वाहून नेणारा बंदिस्त ट्रक भाड्याने घेऊन दिला. त्या अंधाऱ्या ट्रकात बसून ही माणसे सचिवांच्या घरासमोर गेली आणि मेणबत्त्या लावून उभी राहिली.

दरम्यान १५ एप्रिल रोजी दोन लोकप्रतिनिधींनी सॅन फ्रान्सिस्कोच्या त्या इमारतीतच सुनावणी घेतली. खात्याच्या प्रतिनिधीने नियमांत विचाराधीन असलेले बदल सांगितले. काही ठिकाणी अपंगांसाठी वेगळ्या सोयी केल्या तर भागेल, असा त्यांचा सूर होता. ऐकणाऱ्यांच्या मनात एक जुनी जखम उघडी झाली. ‘वेगळे, पण समान’ हे तत्त्व पुढे करून कृष्णवर्णीय मुलांना पिढ्यान्‌पिढ्या निराळ्या शाळांत कोंडले होते आणि १९५४ साली सर्वोच्च न्यायालयाने शाळांपुरते ते तत्त्व मोडीत काढले होते. तेच पुन्हा, माणसे बदलून, पुढे येत होते. ज्युडिथ ह्यूमन हिने कापऱ्या आवाजात, पण स्पष्ट शब्दांत बजावले की वेगळेपणाची भाषा यापुढे खपवून घेतली जाणार नाही. अखेर २८ एप्रिल रोजी सचिव कॅलिफानो यांनी नियमांवर जसेच्या तसे शिक्कामोर्तब केले. ३० एप्रिलला आंदोलक गाणी म्हणत इमारतीबाहेर पडले. पुढे १९९० साली आलेल्या अमेरिकेच्या सर्वव्यापी अपंगत्व-कायद्याचा पाया या नियमांनी घातला.

येथे कथा संपवावी असा मोह होतो. परंतु ती येथे संपत नाही. नियमांनी दार रुंद केले, उतरणी बांधल्या. त्या दारापर्यंत येण्याची ऐपत मात्र नियम देऊ शकले नाहीत. अमेरिकेत निर्धन अपंगांना जे निर्वाहवेतन मिळते, ते घेणाऱ्या एकट्या व्यक्तीची शिल्लक दोन हजार डॉलरपेक्षा अधिक असता कामा नये. ही मर्यादा १९८९ पासून बदललेली नाही. म्हणजे अपंगाने आधार हवा असेल तर कायम गरीब राहिले पाहिजे. १९३८ च्या श्रमकायद्यातील एका तरतुदीनुसार परवानाधारक मालकाला अपंग कामगारास किमान वेतनाहून कमी मजुरी देण्याची मुभा आहे आणि ती त्या कायद्यात अजूनही आहे. हक्क सांगण्यासाठी वकील हवा, वकिलासाठी पैसा हवा, आणि पैसा साठविला तर आधार जातो, असा हा पेच आहे.

जॉर्जिया राज्यातील लोइस कर्टिस या कृष्णवर्णीय स्त्रीची हकिकत याच जातीची आहे. बौद्धिक अपंगत्व आणि मानसिक आजार यांमुळे तिचे तारुण्य रुग्णालयांत गेले. समाजात राहण्यास ती योग्य आहे असे डॉक्टर सांगत होते, तरी तिची सुटका होत नव्हती, कारण बाहेर राहण्याची व्यवस्था करण्यास राज्य तयार नव्हते. गरिबांना मोफत कायदेसाहाय्य देणाऱ्या संस्थेच्या वकिलाला तिने पुनःपुन्हा एकच प्रश्न विचारला: मला येथून बाहेर कधी काढणार? तो प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचला. १९९९ साली न्यायालयाने निर्णय दिला की विनाकारण संस्थेत डांबून ठेवणे हाच भेदभाव होय. कर्टिस पुढे चित्रकार म्हणून नावारूपाला आली. २०२२ साली ती वारली, ती स्वतःच्या घरी राहणारी स्त्री म्हणून. त्या निर्णयाने हजारोंची सुटका झाली. तो मिळाला मात्र मोफत वकील भेटला म्हणून.

अशा अनुभवांतूनच २००५ च्या सुमारास सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरातील कृष्णवर्णीय व इतर गौरेतर अपंगांनी ‘अपंगत्व-न्याय’ हा नवा विचार मांडला. पॅटी बर्न, लेरॉय मूर आणि त्यांचे सहकारी यांचे म्हणणे थोडक्यात असे की, हक्कांची चळवळ आवश्यक होती, पण ती न्यायालयात जाऊ शकणाऱ्यांभोवती फिरत राहिली. अपंगत्व, वर्ण आणि दारिद्र्य ही तीन ओझी एकाच पाठीवर असतात तेव्हा त्यांतले एकच उचलून भागत नाही. ज्याच्या पाठीवर सर्वांत अधिक ओझी, त्याच्यापासून आरंभ केला पाहिजे. याच विचारात दुसरेही एक सूत्र आहे. जुन्या चळवळीचा आदर्श स्वावलंबन हा होता. या मंडळींनी परस्परावलंबन हा आदर्श पुढे ठेवला. चक जॅक्सन नसता तर लोमॅक्स त्या मजल्यावर राहू शकला नसता, आणि लोमॅक्स नसता तर त्या मजल्यावर जेवण आले नसते. येथे आधार देणारा कोण आणि घेणारा कोण, हे ठरविणे अवघड आहे.

मराठी श्रोत्याला या कथेतील दोन नावे परकी वाटू नयेत. एक पँथर. १९७२ साली मुंबईत दलित पँथर ही संघटना उभी राहिली, ती ऑकलंडच्या त्या पक्षावरून नाव घेऊन. दुसरे नाव सिकलसेल. ज्या प्रदेशांत पिढ्यान्‌पिढ्या हिवतापाचा वावर होता, तेथे हा आनुवंशिक दोष टिकून राहिला, कारण तो एकाच पालकाकडून आला तर हिवतापापासून काही संरक्षण देतो; दोन्ही पालकांकडून आला तर तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात आणि असह्य वेदनांचे झटके येतात. पूर्व विदर्भात, मेळघाटात, नंदुरबारमध्ये आदिवासींत, तसेच विदर्भातील काही पूर्वास्पृश्य समाजांत हा विकार आढळतो. म्हणजे ज्यांच्यापाशी जमीन थोडी आणि दवाखाना दूर, त्यांच्याच घरी तो वस्तीला आहे.

भारताने २०१६ साली अपंगांच्या हक्कांचा नवा कायदा केला. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते. ते आता एकवीस झाले आणि त्यांत सिकलसेलही आला. ही मोठीच गोष्ट झाली. परंतु बहुतेक विशेष लाभांसाठी किमान चाळीस टक्के अपंगत्वाचा दाखला लागतो. आज झटक्याने तळमळणारा आणि उद्या रोजावर जाणारा रुग्ण टक्केवारीत कसा मोजावयाचा? दाखल्यासाठी जिल्ह्याच्या रुग्णालयात जावयाचे तर दिवसाची मजुरी बुडते, आणि एका फेरीत काम होईलच असे नाही. शिवाय त्याच कायद्यात उच्च शिक्षणातील पाच टक्के राखीव जागांचे दार या रुग्णाला उघडे असले, तरी सरकारी नोकरीतील चार टक्के आरक्षण ज्या प्रकारांना लागू आहे त्यांत रक्तविकारांचा समावेश नाही. २०११ च्या जनगणनेनुसार देशात अपंगांची संख्या २ कोटी ६८ लाख होती आणि त्यांपैकी सुमारे सत्तर टक्के खेड्यांत राहत होते. खेड्यातील अपंगांत जो भूमिहीन आहे, जो आदिवासी किंवा दलित आहे, जी स्त्री आहे, त्यांच्या वाटेवरील पायऱ्या कोणत्याही एका खात्याच्या नकाशावर दिसत नाहीत. समाजकल्याणाची फाईल एका मेजावर, आरोग्याची दुसऱ्या आणि आदिवासी विकासाची तिसऱ्या; पण माणूस मात्र एकच असतो आणि त्याला तिन्ही मेजांपाशी जावे लागते.

ब्रॅड लोमॅक्स १९८४ साली, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी, वारला. त्याच्या हयातीत त्याचे नाव फारसे कोणी घेतले नाही. इतिहासात स्वाक्षरी करणाऱ्यांची नावे प्रथम येतात, भाषणे करणाऱ्यांची त्यानंतर, आणि पुलावरून जेवणाची भांडी आणणाऱ्यांची बहुधा येतच नाहीत. तरीही त्या पंचवीस दिवसांत कायद्याला ज्या वाटेने यावे लागले, ती वाट त्या भांड्यांनी मोकळी ठेवली. रुग्णालयाच्या दाराशी उतरण बांधून झाली की तिचे छायाचित्र घेतले जाते आणि ते योग्यच आहे. त्याच वेळी, या उतरणीपर्यंत अजून कोण आलेले नाही, एवढा एक प्रश्न कारभाऱ्यांनी विचारला आणि त्याचे उत्तर शोधण्यासाठी वस्तीपर्यंत पावले टाकली, तर कायदा आणि न्याय यांच्यामधील अंतर कमी होऊ लागेल.